विजेवर चालणाऱ्या सबवूफरची निवड : एडिसनहून वाशीमला धाडलेले सविस्तर पत्र

एडिसन, न्यू जर्सी
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

विषय : विजेवर चालणाऱ्या सबवूफरची निवड, मांडणी आणि कौटुंबिक परिणाम.

व्याख्या

सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर. माणसाच्या कानाला ढोबळमानाने 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यांतला तळाचा, साधारण 20 ते 120 हर्ट्झचा पट्टा सबवूफरच्या वाट्याला येतो. गाणे, संवाद आणि टाळ-झांजा इतर स्पीकर सांभाळतात. सबवूफर एकटाच चालू ठेवला तर ऐकणाऱ्याला गाणे कोणते आहे हेही ओळखता येत नाही, नुसती घुमघुम येते. तरीही त्याची किंमत उरलेल्या सगळ्या स्पीकरांइतकी असू शकते, आणि घरोघरचा वाद इथूनच सुरू होतो.

ज्याचा अँप्लिफायर त्याच पेटीत बसवलेला असतो तो विजेवर चालणारा सबवूफर. त्याला दोन वायरी लागतात : एक भिंतीतल्या सॉकेटला, दुसरी मुख्य अँप्लिफायरकडून आवाज आणणारी. घरगुती वापरात आता बहुतेक हाच प्रकार दिसतो, कारण खर्जासाठी लागणारी ताकद हा स्वतःची स्वतः उभी करतो आणि मुख्य अँप्लिफायरवर ओझे टाकत नाही. कुटुंबातल्या कमावत्या मुलाकडून असते तीच ही अपेक्षा.

"हे डबडं कायले पाह्यजे?" या वाशीमहून फोनवर आलेल्या प्रश्नाचे दोन भाग पडतात : डबडे का, आणि हेच डबडे का. पुढील विवेचन त्याच क्रमाने आहे.

गरज

कोणत्या घराला सबवूफर लागतो हे त्या घरात काय ऐकले जाते त्यावर ठरते. काळी एक पट्टीचा षड्ज 139 हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच पट्टीतल्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. डबल बास या पाश्चात्त्य वाद्याची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची आणि पियानोची शेवटची पट्टी 27.5 हर्ट्झची. त्याखाली संगीत जवळजवळ संपते आणि सिनेमा सुरू होतो : भूकंप, विमान, डायनासोर.

यावरून श्रोत्यांचे वर्ग पडतात. 1955 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेले 'गीतरामायण' ऐकणाऱ्याला सबवूफर लागत नाही. गळा ज्या पट्टीत असतो ती साधा चांगला स्पीकर नीट पेलतो. 'सैराट' (2016) लावणाऱ्याला तो लागतो, कारण त्या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला होता आणि त्याचा तळ टीव्हीच्या बोटभर स्पीकरातून बाहेरच येत नाही. डायनासोर पाहणाऱ्या नातवाच्या मते तो फार पूर्वीच यायला हवा होता. एकाच घरात तिन्ही वर्ग नांदत असतील तर ज्याच्या हाती रिमोट त्याचा वर्ग खरा मानतात.

खर्जाचा खरा अनुभव वाशीम जिल्ह्याला नवा नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत बंजारा समाजाचा नगारा वाजतो तेव्हा जवळ उभ्या असलेल्याच्या कानाआधी छातीला कळते. 2024 साली तिथे खुले झालेले संग्रहालयही नंगारा भवन म्हणून ओळखले जाते. कातडे मोठे, टोल सावकाश आणि हवा भरपूर हललेली, एवढाच त्यामागचा हिशेब. दिवाणखान्यात नगारा ठेवणे शक्य नसल्याने तो हिशेब पेटीत बसवावा लागतो.

डीजे आणि सबवूफर यांतील फरक

लग्नाच्या वरातीत गाडीवर रचलेल्या पेट्या पाहून सबवूफरविषयी मत बनवू नये. त्या पेट्या उघड्या रस्त्यावर शेकडो माणसांपर्यंत दणका पोचवण्यासाठी असतात आणि त्यांचा भर साधारण 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यावर असतो. घरगुती सबवूफरला त्याहून खाली जायचे असते, पण हळू. वरातीत यशाचे माप नवरदेवाच्या मामाने फेटा सांभाळत मारलेल्या उड्यांवरून ठरते. घरात मात्र सबवूफर चालू आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये आणि बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखे वाटावे, ही उत्तम निवडीची खूण.

भारतातल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. हे माप ए-भारित असते, म्हणजे कान ज्या आवाजांना मंद तेच आवाज मापकही कमी धरतो. 50 हर्ट्झच्या आवाजातून तो सुमारे 30 डेसिबल वजा करतो. म्हणून खिडक्यांची तावदाने थरथरत असताना मापकावरचा आकडा सभ्य दिसू शकतो. डीजेवाला आणि तक्रारदार दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असण्याचा हा दुर्मीळ प्रसंग आहे.

पेटीचे प्रकार

पेटी दोन प्रकारची असते : बंद आणि नळीची.

बंद पेटीत हवा कोंडलेली असते आणि ती स्प्रिंगचे काम करून स्पीकरच्या कोनाला, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याला, जागेवर आणते. एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी 1954 साली बाजारात आणलेल्या एआर-1 या स्पीकरने ही रीत रूढ केली आणि कपाटाएवढ्या पेट्यांची गरज संपवली. बंद पेटीचा खर्ज खाली जाताना हळूहळू उतरतो, सप्तकाला 12 डेसिबल या वेगाने. डग्गा, मृदंग, ढोलक यांचे ठोके तिच्यात सुटे आणि नेमके ऐकू येतात.

नळीच्या पेटीला एक तोंड असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठराविक सुरात घुमते, तशी ही नळी एका ठराविक कंपनसंख्येला घुमून कोनाला हातभार लावते. तेवढ्याच वॅटांत त्या सुराच्या आसपास आवाज मोठा मिळतो, पण त्याखाली तो सप्तकाला 24 डेसिबल या वेगाने कोसळतो. पेटीही बरीच मोठी होते. सिनेमाप्रेमी नळीची पेटी घेतात, संगीतप्रेमी बंद. ज्यांच्या घरात खेळण्यातल्या गाड्या आहेत त्यांनी बंदच घ्यावी, कारण नळीच्या तोंडात नेमकी खेळण्यातली गाडी मावते.

या व्यवहारात निसर्गाने एक अट घातली आहे. पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते. ध्वनिशास्त्रात हा हॉफमनचा पोलादी नियम म्हणून ओळखला जातो. घरमालकीण पहिली अट धरते, मुलगा दुसरी आणि आजोबा तिसरी. सध्याच्या लहान पेट्यांत भरपूर वॅटांचा अँप्लिफायर कोंबतात. म्हणजे निकाल घरमालकीण आणि मुलगा यांच्या बाजूने लागला आहे.

आकार आणि वॅट

स्पीकरच्या कोनाचा व्यास बाजारात 8, 10, 12 आणि 15 इंच असा मिळतो. फरक व्यासात थोडा वाटला तरी क्षेत्रफळात मोठा असतो. 12 इंची कोन 8 इंचीच्या सव्वादोन पट हवा ढकलतो. त्यातच खाली जाण्याचा खर्च चढत्या दराचा आहे. 40 हर्ट्झला जेवढा आवाज आहे तेवढाच 20 हर्ट्झला हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते.

कानही साथ देत नाही. 1000 हर्ट्झचा आवाज 2-3 डेसिबललाच चाहूल देतो. 40 हर्ट्झचा आवाज कानावर यायला सुमारे 50 डेसिबल लागतात आणि 20 हर्ट्झचा यायला 78 च्या आसपास. म्हणजे शेवटच्या त्या एका सप्तकासाठी सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात आणि ते सर्वांत कमी ऐकू येते. सोन्याचे दागिने लॉकरमध्ये ठेवणाऱ्या समाजाला ही गुंतवणूक समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

वॅटांविषयी एकच आकडा पाहावा, तो आरएमएस, म्हणजे सलग पेलवणारी शक्ती. पीएमपीओ नावाने खोक्यावर छापलेल्या हजारोंच्या आकड्याला कोणतीही मान्य व्याख्या नाही. निवडणुकीच्या सभेतल्या गर्दीचा आकडा ज्या विश्वासाने ऐकतात त्याच विश्वासाने तो वाचावा. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणून 200 वॅटांऐवजी 250 वॅटांची पेटी घेण्यासाठी जादा पैसे मोजल्यास फरक फक्त पावतीवर दिसतो.

वीजबिलाचा प्रश्न इथेच निकाली काढता येतो. 300 वॅटांचा सबवूफर सतत 300 वॅट खात नाही. नेहमीच्या ऐकण्यात त्याची सरासरी त्याच्या अगदी थोड्या भागावर राहते, कारण भूकंप रोज होत नाही. वाशीमच्या घरात देवघरासमोर रात्रभर जळणारा जुना पिवळा बल्ब या बाबतीत जास्त विचारणीय आहे.

खोली

निवडीत सर्वांत जास्त दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक वस्तू म्हणजे खोली. ती दुकानात मिळत नाही आणि परत करता येत नाही.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्या हिशेबाने 40 हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब, 20 हर्ट्झची सतरा मीटर. एवढी लाट दिवाणखान्यात मावत नाही. ती भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःलाच भेटते. ज्या कंपनसंख्येची अर्धी लाट खोलीच्या लांबीत बरोबर बसते ती कंपनसंख्या खोलीत ठाण मांडते. अठरा फूट लांब, चौदा फूट रुंद आणि आठ फूट उंच खोलीत असे सूर सुमारे 31, 40 आणि 70 हर्ट्झला येतात. या सुरांवर भिंतीपाशी खर्ज प्रचंड वाढतो आणि त्या-त्या मापाच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो.

याचा व्यवहारातला परिणाम असा की ज्याने पैसे दिले तो खोलीच्या मधोमध सोफ्यावर बसून "खर्ज कुठे आहे?" असे विचारतो. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसतात आणि सगळा खर्ज त्यांना मिळतो. ज्याला हवे त्याला नाही आणि नको त्याला अडीचपट, ही तक्रार यंत्राविरुद्ध करून उपयोग नसतो. सोफा दोन-तीन फूट मागे किंवा पुढे सरकवल्याने जे साधते ते दुप्पट किमतीच्या सबवूफरनेही साधत नाही.

गाद्या, पडदे आणि गालिचे यांचा या प्रकरणात उपयोग नाही. 40 हर्ट्झची लाट नीट शोषायला तिच्या पाव लांबीचा, म्हणजे सुमारे सात फूट जाडीचा थर लागतो. एवढ्या गाद्या एका वेळी फक्त मंगल कार्यालयात आढळतात.

जागा शोधण्याची रीत

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास आवाज सर्वांत मोठा मिळतो, कारण जमीन आणि दोन भिंती मिळून तो पुढे ढकलतात. पण तिथूनच खोलीचे सगळे ठाण मांडणारे सूर एकदम जागे होतात. योग्य जागा शोधायची सर्वमान्य रीत उलटी आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, ऐकणाऱ्याच्या जागी ठेवावा. ओळखीचे, खर्ज एकसारखा चालणारे गाणे लावावे. मग भिंतीच्या कडेकडेने कान जमिनीलगत ठेवून रांगत जावे. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. लाटेच्या वाटा दोन्ही दिशांनी सारख्याच असल्याने ही अदलाबदल चालते.

ही क्रिया पडदे लावून करावी. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस सबवूफरला सोफ्यावर बसवून स्वतः भोवती रांगतो आहे, याचा खुलासा शेजारच्या अमेरिकन आजीबाईंना फाटकावरून करणे कठीण असते.

पेटीवर वस्तू ठेवण्याबाबतही नियम आहेत. समई, फुलदाणी आणि फोटोफ्रेम चालत नाहीत. गणपतीची मूर्ती तर मुळीच बसवू नये. टेबलक्लॉथ घातला की पेटी चौरंगासारखी दिसते हे खरे, पण आरतीच्या रेकॉर्डिंगला मूर्ती हळूहळू पुढे सरकते आणि जमलेले भाविक त्याचा वेगळा अर्थ काढतात. स्टीलच्या भांड्यांचे कपाट त्याच भिंतीला असेल तर प्रत्येक ठोक्याला डबे बोलतात. हा दोष सबवूफरचा नसून वाशीमहून दर फेरीला आणलेल्या डब्यांच्या संख्येचा असतो.

खटके आणि त्यांचे काम

पेटीच्या मागे साधारण तीन खटके असतात.

पहिला क्रॉसओव्हर. किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरने घ्यायचा ते तो ठरवतो. 80 हर्ट्झ ही प्रचलित मर्यादा आहे. त्याखालचा आवाज कोठून येतो हे कानाला सहसा सांगता येत नाही, म्हणून पेटी सोफ्याच्या बाजूला असली तरी खर्ज समोरच्या पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. ही रेघ 120 च्या वर नेल्यास सबवूफर पुरुषांच्या बोलण्यात लुडबुड करू लागतो आणि बातम्या देणारा कोठीतून बोलल्यासारखा ऐकू येतो.

दुसरा फेज. सबवूफर आणि समोरचे स्पीकर एकाच वेळी हवा ढकलताहेत की एक ढकलतो आणि दुसरा ओढतो, हे त्याने जुळवतात. खटका 0 आणि 180 अशा दोन्ही टोकांना नेऊन पाहावे आणि जिथे खर्ज भरीव वाटेल तिथे ठेवावा. संयुक्त कुटुंबातली बरीच भांडणे याच सूत्राने मिटू शकतात, पण माणसांना असा खटका नसतो.

तिसरा गेन, म्हणजे आवाजाची पातळी. नवा सबवूफर आलेल्या घरात तो हमखास जास्त ठेवलेला असतो, कारण पैसे दिल्याचे ऐकू यावे लागते. पुढे तो आपोआप खाली येतो. ज्या दिवशी पाहुणे "सबवूफर चालू आहे का?" असे विचारतात त्या दिवशी तो योग्य जागी आला असे समजावे.

शेजार

अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडी सांगाड्यावर अर्ध्या इंचाची जिप्समची फळी ठोकून बांधलेली असतात. भिंतीचे वजन दुप्पट झाले की तिच्या पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने 6 डेसिबलने कमी होतो, आणि कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच वाढतो. हलकी भिंत आणि खालचा सूर एकत्र आले म्हणजे सबवूफर सामाईक मालमत्ता होतो. शेजाऱ्यांना सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत, फक्त स्फोट ऐकू येतात. त्यांच्या दृष्टीने कथानक फार वेगवान असते.

यावर उपाय तीन. पेटीखाली रबराचे किंवा फोमचे जाड पाय देणे. त्याने लाकडी जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी मात्र तशीच राहते. रात्री अँप्लिफायरचा नाइट मोड लावणे. त्याने स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. आणि दिवाळीला चकल्या-करंज्यांचे ताट शेजारी पोचवणे. तिसऱ्या उपायाचे डेसिबल मोजता येत नाहीत, पण सर्वांत जास्त गुण त्यालाच आहे.

वाशीमला नेण्याविषयी

अमेरिकेतला सबवूफर सुट्टीत वाशीमला आणावा, ही सूचना विचारात घेतली असता तीन अडचणी दिसतात.

पहिली वजनाची. अमेरिका-भारत प्रवासात एका बॅगेला सहसा 23 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 62 इंच एवढी मुभा असते. 12 इंची नळीची पेटी खोक्यासह ती सहज ओलांडते. शिवाय तेवढ्या वजनात बदाम, चॉकलेटे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि सर्व आत्यांसाठी पर्सेस बसतात. कुटुंबात मतदान झाल्यास सबवूफर हरतो.

दुसरी विजेची. अमेरिकेत पुरवठा 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा आणि भारतात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा. पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. मागच्या पट्टीवर 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले असेल तरच पेटी थेट लावता येते. नुसते 120 लिहिलेले असताना लावल्यास तिचा शेवटचा आवाज पहिल्याच दिवशी होतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो स्वतःच वजनदार असतो आणि कंपनसंख्या बदलत नाही.

तिसरी आणि खरी अडचण अशी की एवढ्या मोठ्या पेटीची वाशीमला गरजच नाही. हलक्या भिंतींतून खर्ज बाहेर पळतो, म्हणून इथे मोठी पेटी लागते. वाशीमच्या दोन फुटी माती-विटांच्या भिंती तो आतच अडवतात आणि लहान पेटीलाही भारदस्त करतात. त्याच कारणाने तिथे ठाण मांडणारे सूरही जास्त जोरकस असतात. म्हणून वाशीमच्या घराला 8 किंवा फार तर 10 इंची, बंद पेटीचा, भारतातच घेतलेला आणि तिथल्याच हमीचा सबवूफर पुरेसा आहे. तो कोपऱ्यात ठेवू नये, पत्र्याच्या पडवीत तर अजिबात नको, कारण पत्रा स्वतःचा आवाज मिसळतो. 'गीतरामायण' चालू असताना तो बंद ठेवावा. नातू आल्यावर चालू करावा.

खरेदीपूर्वी मधल्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची कळवावी; फुटांत चालेल. आजीची खुर्ची कोणत्या भिंतीला आहे तेही लिहावे, म्हणजे पेटी तिच्यापासून दूर धरता येईल.

सर्व थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा